एकोणतीसचा पाढा आणि दोन सडे

भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर मामेबहिणीने ओवाळणीचे पाकीट घेतले नाही. ती म्हणाली, "दादा, पैसे नकोत. एक महिना माझ्याबरोबर नेमाने सायकल चालव आणि शेवटी एकाच दिवसात कास आणि चाळकेवाडी करू." साताऱ्याच्या पश्चिमेला हे दोन सडे आहेत. डोंगरमाथ्यावरच्या सपाट, जांभ्या कातळाच्या पठाराला आमच्याकडे सडा म्हणतात. तिच्या मनातली वाट अशी होती : पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथून कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या बामणोलीपर्यंत उतरायचे, तोच उतार चढून परत साताऱ्याला यायचे आणि दुपारनंतर बोगद्यातून बाहेर पडून बोरणे घाटाने ठोसेघर व चाळकेवाडी गाठून अंधाराच्या सुमारास घरी पोचायचे. आमच्या हिशेबाने हे अंतर सुमारे एकशे तीस किलोमीटर भरत होते आणि सगळे चढ मिळून दोन हजार मीटरांच्या वर जात होते.

माझे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. माउंटन बाइक घेऊन दोन वर्षे झाली होती, पण रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर फिरून येण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. शाळेपासूनचे दोन मित्र बरोबर यायला तयार झाले. त्यांपैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो. दुसऱ्याचे मेडिकल आहे, त्यामुळे सकाळी साडेनऊला त्याला शटर उघडावेच लागते. बहीण बँकेत आहे. चौघांच्या नोकरी-धंद्याच्या वेळा जुळवून आम्ही मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे दीड ते दोन तास, रविवारी मोठी फेरी आणि उरलेल्या दिवशी विश्रांती, असा क्रम ठरवला.

विश्रांतीचा भाग मात्र पहिल्या दहा दिवसांत आम्ही पाळलाच नाही. यवतेश्वरचा घाट शहराला अगदी लागून आहे. समर्थ मंदिराच्या बाजूने वर निघाले की पाच-सहा किलोमीटर सलग चढ, खाली साताऱ्याची घरे, समोर अजिंक्यताऱ्याचा डोंगर. याच रस्त्यावर २०१२ पासून पावसाळ्याच्या सुमारास सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, त्यामुळे घाटातल्या प्रत्येक वळणाशी सातारकरांचे नाते आहे आणि इथे कोणाला किती मिनिटे लागतात याची चर्चाही असते. आम्हीही त्या मिनिटांच्या मागे लागलो. काल अडतीस लागली, आज छत्तीस लागली पाहिजेत, उद्या पस्तीस. सोमवारी विश्रांती असूनही मी एकटा जाऊन आलो, कारण बहिणीची वेळ माझ्यापेक्षा दोन मिनिटांनी चांगली झाली होती.

दहाव्या दिवशी शरीराने हिशेब दाखवला. रात्री झोप तुकड्यातुकड्यांत होत होती. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी सुरुवातीला बहात्तर होती, ती अठ्ठ्याहत्तर झाली होती. उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखू लागला होता. सर्वांत वाईट म्हणजे ज्या घाटाला छत्तीस मिनिटे लागत, त्यालाच जीव तोडूनही एकेचाळीस लागली. मेडिकलवाला मित्र म्हणाला, "ही औषधाची केस नाही, ही झोपेची केस आहे." मी तीन दिवस सायकलला हात लावला नाही.

त्या तीन दिवसांत आम्ही जे वाचले आणि आमच्यापेक्षा जाणत्या सायकलपटूंना जे विचारले, त्याचा गाभा असा होता. दिवसभर टिकण्याची ताकद आणि अर्धा तास जोर लावण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोर लावला की स्नायू मुख्यतः साठवलेली साखर जाळतात आणि हा साठा दीड-दोन तासांच्या जोरकस कष्टात संपत येतो. सावकाश, पण सलग चालवले की शरीर चरबीचा वापर अधिक करू लागते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलायला शिकते, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होऊ लागते. ही घडण सायकलवर होत नाही. सायकलवर फक्त तिची मागणी नोंदवली जाते, ती पुरी होते झोपेत आणि विश्रांतीत. आम्ही रोज मागणी नोंदवत होतो आणि ती पुरी व्हायला वेळच देत नव्हतो.

सावकाश म्हणजे नेमके किती, हा पुढचा प्रश्न होता. कमाल नाडी म्हणजे दोनशे वीस उणे वय, हे सूत्र ढोबळ आहे, माणसामाणसांत फरक पडतो. तरी ते धरले तर माझी कमाल एकशे शहात्तर येत होती आणि तिच्या साठ ते सत्तर टक्के म्हणजे एकशे सहा ते एकशे तेवीस. मित्राकडे नाडी दाखवणारे घड्याळ होते, बाकी तिघांकडे नव्हते. अशा वेळी बोलून पाहावे, पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर वेग योग्य, असे सगळे सांगतात. पण घाटात प्रत्येक वेळी बोलायला विषय कुठून आणायचा? मास्तरने त्यावर जो उपाय काढला तो शेवटपर्यंत टिकला. चढ सुरू झाला की तो मागून सांगायचा, "म्हण, एकोणतीसचा पाढा." एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला हरकत नाही, पण आकडा मध्येच तुटता कामा नये. "सत्त्याऐंशी" हा शब्द धाप लागलेल्या माणसाला एका श्वासात म्हणता येत नाही. त्यात जोडाक्षर आहे, लगेच ऐंशीचा अनुस्वार आहे, आणि चढावर तो "सत्त्या" आणि "ऐंशी" असा बरोबर मधे मोडतो. तो मोडला की मास्तर म्हणायचा, "गिअर उतरव." मित्राच्या घड्याळाशी आम्ही हे ताडून पाहिले. पाढा मोडायचा तेव्हा त्याची नाडी दीडशेच्या आसपास असायची, आणि दोनशे नव्वदपर्यंत सरळ जायचा तेव्हा एकशे वीस-पंचवीसच्या घरात.

पहिल्या दिवशी या वेगाने यवतेश्वर चढायला त्रेपन्न मिनिटे लागली. मागून येणारी माणसे पुढे निघून जात होती आणि मला ते सहन करायला कठीण गेले, हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुष्कळ जण याच टप्प्यावर सावकाश चालवणे सोडून देतात. पण वर पोचल्यावर पाय रिकामे झालेले नव्हते. आम्ही न थांबता पेट्रीपर्यंत गेलो, तिथून परत आलो, आणि त्या रात्री मी सलग सात तास झोपलो.

गुडघ्याचे कारण मात्र वेगळे निघाले. सायकल घेतली तेव्हा दुकानात सीटची उंची ज्या मापावर बसवून दिली होती, ती मी दोन वर्षे तशीच ठेवली होती. बहिणीने मला भिंतीला धरून सीटवर बसवले आणि टाच पेडलवर ठेवून पाय सर्वांत खाली न्यायला सांगितले. अशा वेळी पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकलेला राहत होता. सीट कमी उंचीवर असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दाब वाढतो. तिने सीट थोडी थोडी करत, तीन दिवसांत मिळून अडीच सेंटिमीटर वर घेतली. दुसऱ्या बाजूने जड गिअरवर हळूहळू पाय मारण्याची सवय मोडली आणि हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे घालायला लागलो. आठवड्याभरात दुखणे गेले. हे इतके साधे होते की दोन वर्षांत मी ते स्वतः का पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

खाण्याचा धडा तिसऱ्या रविवारी मिळाला. आम्ही कासला निघालो होतो. मी घरून फक्त चहा घेऊन निघालो, कारण वेग सावकाश आहे तर खाण्याची काय घाई, असा माझा समज होता. कास तलावाच्या अलीकडे, जिथे रस्ता फारसा चढाचा नाही, तिथे अचानक हँडल माझ्या हातात नसल्यासारखे वाटू लागले. आधी गार घाम आला, मग कानात शिट्टी वाजावी तसा बारीक आवाज. मी उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. खिशात राजगिऱ्याच्या लाडवाची पुडी होती. तिचे प्लास्टिक फाडायला बोटांत जोर नव्हता आणि मी ती नुसती उलटसुलट करत राहिलो. बहिणीने ती माझ्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि आपल्या पिशवीतून कंदी पेढा काढून तुकडे करत मला भरवला. खवा भाजून केलेला तो तपकिरी, रवाळ पेढा मी जन्मापासून खात आलो आहे, पण जिभेवर त्याचा एकेक कण विरघळताना समोरचे गवत पुन्हा नीट दिसू लागणे हा अनुभव वेगळा होता. दहा मिनिटांनी मी उभा राहिलो. त्या दिवशी पुढे न जाता आम्ही परत फिरलो.

त्यानंतर नियम झाला : निघण्याआधी तासभर भाकरी किंवा पोह्यांसारखे काहीतरी पोटात हवे, आणि सायकलवर पहिल्या पाऊण तासापासून, भूक लागण्याची वाट न पाहता, दर तासाला एक केळे आणि एक लाडू किंवा पेढा. पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस. मित्राने आपल्या दुकानातून सगळ्यांना पाकिटे आणून दिली आणि पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा कमी पाणी घालायचे नाही, अशी ताकीद दिली. थंडीत घाम दिसत नाही, म्हणून माणूस पाणी प्यायचे विसरतो, हेही त्यानेच लक्षात आणून दिले.

आतापर्यंतचे सगळे डांबरी रस्त्यावरचे झाले, पण आमच्या सायकली डोंगराच्या आहेत आणि बहिणीचे खरे प्रेम कच्च्या वाटेवर आहे. त्यासाठी आम्ही चाळकेवाडीच्या बाजूला जात होतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापर्यंत अवजड सामान नेण्यासाठी मुरमाचे रस्ते झाले. हे रस्ते म्हणजे सरावाचे उत्तम मैदान आहे. जांभ्याचे सुटे गोटे, मधूनच उघडा कातळ, पावसाने पडलेल्या घळी आणि डोक्यावर पात्यांचा एकसारखा घोंघावणारा आवाज. डांबरावर आम्ही टायरमध्ये चाळीस पीएसआय हवा ठेवत होतो, इथे ती अठ्ठावीसवर आणायची. हवा कमी केली की टायर गोट्यावर बसतो, त्याच्यावरून उसळत नाही.

माझे पडणे इथलेच. एका लांब उतारावर सुटी खडी लागली आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चाक वळले, मी डाव्या कुशीवर आपटलो, कोपर सोलवटले. हेल्मेटला लागलेला ओरखडा मी घरी येऊन पाहिला तेव्हा ते घालण्याचा आळस करणाऱ्या सर्वांना तो दाखवावा असे वाटले. जखम धुऊन झाल्यावर बहिणीने मला तिथेच, त्याच उतारावर, पाच वेळा खाली उतरायला लावले. पेडल आडवी, सीटवरून उठलेले शरीर किंचित मागे, कोपरे व गुडघे सैल, दोन्ही ब्रेक एकेका बोटाने हळू, आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. "दादा, ज्या दगडाकडे बघशील त्याच्यावरच जाशील," ती म्हणाली. चौथ्या खेपेला मला ते पहिल्यांदा जाणवले, की हँडल घट्ट धरले नाही तर पुढचे चाक आपली वाट आपणच काढते आणि आपण फक्त त्याला जाऊ द्यायचे असते.

कासबद्दल एक गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचे पठार आहे. कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच आहे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली फुले त्याच थरातून येतात. नोव्हेंबरात सारे वाळून पिवळे पडते, पठार मोकळे दिसते आणि सायकल आत घालण्याचा मोह होतो. पण त्या वाळलेल्या गवताखाली पुढच्या पावसाचे बी आणि कंद असतात. आम्ही महिनाभरात कासला चार वेळा गेलो आणि एकदाही डांबर सोडून चाक खाली उतरवले नाही. चाळकेवाडीलाही पवनचक्क्यांचे आखलेले रस्ते सोडले नाहीत, कारण तिथलाही कातळ याच जातीचा आहे. डोंगरात सायकल चालवणाऱ्याने हे पथ्य पाळलेच पाहिजे, यात मला तडजोड मान्य नाही.

चौथ्या आठवड्यात आम्ही जाणूनबुजून निम्मेच चालवले. तयारीच्या अखेरीस कमी करणे मनाला पटत नाही, पण आता आमचा शरीराच्या हिशेबावर विश्वास बसला होता. सकाळची नाडी सहासष्टवर आली होती. पाढ्याच्या वेगाने यवतेश्वरला आता त्रेचाळीस मिनिटे लागत होती. जोर न लावता दहा मिनिटे कमी झाली होती.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला आम्ही दिवे लावून निघालो. थंडी बोचरी होती, घाटात कोणी बोलत नव्हते, फक्त मास्तरचा पाढा हळू आवाजात चालू होता. पेट्रीच्या पुढे उजाडले. कासहून बामणोलीच्या उतारावर जलाशयावर धुक्याचा पट्टा पसरला होता आणि पलीकडचे वासोट्याच्या बाजूचे डोंगर त्याच्या वर तरंगल्यासारखे दिसत होते. आठच्या सुमारास काठावर पोचून आम्ही पिठले-भाकरी खाल्ली आणि मग तोच उतार चढायला घेतला. दिवसातला हा सर्वांत कठीण भाग. ऊन पाठीवर, रस्त्याला सावली नाही आणि पोट भरलेले. अर्ध्या चढावर मित्राच्या मांडीत पेटका आला. उतरून, पाय ताणून, ओआरएस पिऊन तो चढला खरा, पण पाऊण वाजता बोगद्यापाशी आम्ही पुढच्या टप्प्यासाठी जमलो तेव्हा त्याने सायकल भिंतीला टेकवली. "मी इथे थांबतो. आज हट्ट केला तर पुढचे पंधरा दिवस जातील," तो म्हणाला. पहिल्या दहा दिवसांतला आमचा गट असता तर आम्ही त्याला आग्रह केला असता. आता कोणीच केला नाही.

आम्ही तिघे पुढे गेलो. उजवीकडे सज्जनगड आणि त्याच्या पायथ्याचा उरमोडी धरणाचा जलाशय मागे पडला आणि बोरणे घाट सुरू झाला. तिथे बहिणीने एकाएकी हात वर करून थांबायला सांगितले. "सरांचा पाढा थांबलाय," ती म्हणाली. माझ्या ते ध्यानातही आले नव्हते. मास्तर शंभर मीटर मागे होता, मान खाली घालून, जड गिअरवर, आणि त्याचे केळे खिशात तसेच होते. दोन तास आम्हा दोघांना वेळेवर खायला लावण्याच्या नादात तो स्वतः खायला विसरला होता. आम्ही त्याला सावलीत बसवले, दोन पेढे आणि केळे खाऊ घातले, वीस मिनिटे काढली. नंतरचा घाट आम्ही त्याच्या वेगाने चढलो, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त वेगाने, आणि या वेळी पाढा मी म्हटला.

चाळकेवाडीला पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पवनचक्क्यांच्या सावल्या सड्यावर लांबच लांब पडल्या होत्या. तिघेही कातळावर पाठ टेकून पडलो. बहिणीने मीटर दाखवला, मी पाहिला आणि परत दिला. आकड्यापेक्षा त्या क्षणी कातळाची ऊब मोलाची होती. अंधारात घाट उतरायचा नव्हता म्हणून पंधरा-वीस मिनिटांतच निघालो. तरी शेवटचा टप्पा दिव्यांवरच झाला. बोगद्यापाशी मित्र थर्मासमध्ये चहा घेऊन उभा होता. दुपारी घरी जाऊन झोप काढून तो परत आला होता. चहा ओतता ओतता त्याने विचारले, "पुढच्या रविवारी माझा उरलेला अर्धा करायचा का?"

पुढच्या रविवारी चौघेही निघालो. त्याचे दुकान उघडायचे असल्याने साडेचारलाच बोगदा ओलांडला. सूर्य उगवताना पहिल्या पवनचक्कीखाली त्याने सायकल उभी केली, टायरमधली हवा चाळीसवरून अठ्ठावीसवर आणली, आणि आमची वाट न पाहता मुरमाच्या रस्त्याला लागला.